विमानाला पांघरूण

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनात येईल ते लगेच बोलू नका, आधी लिहून काढा. तुमचं बीपी उतरेल आणि घरच्यांचंही." घरच्यांचं कशाला चढतंय, मी विचारणार होतो. पण ही लगेच उठली आणि येताना वाटेतच डायरी विकत घेतली. नवऱ्याला गप्प करायचं औषध हिला एकदाचं मिळालं. ठीक आहे, लिहितो.

लिहायला कारणही आजच मिळालं. आज मी पहिल्यांदा विमानाला हात लावला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझ्या मेव्हण्याचं, म्हणजे हिच्या धाकट्या भावाचं, एक जुनं विमान आहे. आत चार माणसं मावतात, नाकावर एक पंखा. त्याच्या उजव्या डोळ्याने दगा दिला, त्याचं उडणं बंद झालं, तेव्हा त्याने ते आमच्या कार्टीला देऊन टाकलं. मामा भाचीला बाहुली देतो, फार तर सायकल देतो. ह्या गृहस्थाने विमान दिलं! कार्टीकडे लायसन आहे, गेलं वर्षभर ती उडवते आहे. मी विमानाच्या मैदानाकडे कधी फिरकलो नाही. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणारा माणूस मी, दुकान टाकून कुठे जाणार?

पण विमान ज्या शेडमध्ये असायचं ती शेड मालकाने विकली. आता ते बाहेर गवतावर उभं आहे. कार्टी म्हणाली, "बाबा, एकदा येऊन बघा ना, त्याला कव्हर शिवता येईल का." म्हणून गेलो. पंखावर सहज अंगठा दाबला, तर पत्रा आत गेला! सोडला तर टुक्कन बाहेर आला. आमच्या बिस्किटाच्या डब्याचा पत्रा ह्याहून जाड आहे.

म्हटलं, "अगं, हे काय आहे?"

"विमान."

"ह्यात बसून तू वर जातेस?"

"मग काय ह्याच्यावर बसून जाऊ?"

मेव्हणा फिदीफिदी हसला. मला मात्र हसायला येईना. वर ती एवढ्याशा पत्र्यावर लटकलेली असते, हे मला वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, ते वेगळं.

एप्रिल अखेरीला तपासनीस येणार आहे. त्याने विमान पास केलं तर कार्टीला समुद्रातल्या बेटांवर औषधं आणि नर्सबाई पोचवायचं काम मिळेल. नापास केलं तर काम दुसऱ्या कुणाला जाईल. आणि हे विमान खराब झालं तर दुसरं काही आपल्याला मिळत नाही, हे मेव्हण्याने मला बजावून सांगितलं. तोवर ऊन, पाऊस, वारा, पाखरं, उंदीर, सगळ्यांपासून ते जपायचं आहे. मी तिथल्या तिथे शब्द दिला. म्हटलं, ही जबाबदारी माझी. विमानाला ओरखडा येणार नाही आणि ते जागचं तसूभर हलणार नाही.

८ फेब्रुवारी

माप घ्यायला गेलो. मोटारीचं माप आणि विमानाचं माप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठेही टेप लावा, तिथे काहीतरी बाहेर आलेलं असतं. डाव्या पंखाखाली बोटाएवढी वाकडी नळी आहे. बघतो तर तिच्या तोंडाशी कुंभारमाशी मातीचं घर बांधायच्या तयारीत. मी कार्टीला म्हटलं, "तुझ्या विमानात भाडेकरू आलाय."

तिचा चेहरा एकदम उतरला. तिने माशी हुसकली, टॉर्च लावून नळीत पाहिलं. मग सांगितलं, "बाबा, ह्या नळीत हवा शिरते म्हणून आतल्या काट्याला वेग कळतो. नळी बुजली तर काटा खोटं बोलतो."

"आणि वेग कमी झालेला कळलाच नाही तर?"

"विमान खाली येतं."

किती सहज म्हणाली! एक माशी. चिमूटभर माती. मी पुन्हा पुन्हा त्या नळीकडे बघत राहिलो.  ताबडतोब दुकानात परत गेलो आणि नळीसाठी लाल कापडाची टोपी शिवली. तिला हातभर लांब फीत लावली म्हणजे उडायच्या आधी काढायची विसरणार नाही.

आज तिला उडायचं होतं. पण माप अर्धवट राहिलं असतं, म्हणून मीच म्हटलं, पुढच्या शनिवारी जा. बीपी आज चक्क छान आलं.

१५ फेब्रुवारी

कव्हर होईपर्यंत वाऱ्याचा बंदोबस्त हवा. गेल्या हिवाळ्यात म्हणे वाऱ्याने एक विमान उलटं करून शेजारच्या कुंपणावर टाकलं होतं. सरळ टांगेवर टांग टाकून पडलं होतं, मैदानाचा गेटवाला सांगत होता आणि हसत होता. ह्यांना हसू कसं येतं?

जमिनीत लोखंडी कड्या आहेत. दोन पंखांना आणि शेपटाला दोर बांधायचे. मी दुकानातला सुती जाड दोर नेला आणि असा करकचून बांधला की बोट शिरणार नाही. सोफ्याला पट्टे ताणतो तसा. वर पंख्याला साखळी घालून कुलूप लावलं. म्हटलं, आता ये म्हणावं वाऱ्याला.

आज उड्डाण नव्हतं. एवढं बांधून झाल्यावर पुन्हा सोडायचं म्हणजे माझे हात गेले असते. कार्टी म्हणाली, "ठीक आहे." दोन दोर तिनेही ओढले. 

१८ फेब्रुवारी

काल रात्रभर पाऊस. सकाळी मेव्हण्याचा फोन, "भाऊजी, जसे असाल तसे या."

जातो तर काय, दोर भिजून आक्रसले होते. दोन्ही पंख खाली ओढले गेले होते, माणसाच्या खांद्यावर पोती दिल्यासारखे. मेव्हणा खिशातल्या चाकूने दोर कापत होता. मला पाहिल्यावर म्हणाला, "पंख मोडायला वादळ कशाला हवं? तुम्ही पुरे आहात."

मी म्हटलं, "सैल बांधलं तर हलेल."

"हलू द्यायचंच असतं! बोटभर ढील ठेवायची. वारा आला की ते थोडं उचलतं, थोडं टेकतं. अजिबात हलू दिलं नाही तर सगळा जोर पंखाच्या कण्यावर येतो."

चाळीस वर्षं मी शिवणकाम करतोय. ढील दिली की कापडाला चुण्या पडतात, सीट बसते, गिऱ्हाईक बोंबलतं. पण विमान त्याचं होतं, म्हणून ऐकून घेतलं. नशीब, कणा शाबूत आहे. कार्टीने पत्रा जोडणारे सगळे रिबिट एकेक करून तपासले. मी तिच्यामागे छत्री धरून उभा होतो.  मला रागावली असती तर बरं झालं असतं.

नवे नायलॉनचे दोर आणले. बोटभर ढील ठेवली. पण एकाच्या जागी दोन-दोन दोर बांधले. त्याला कोण काय म्हणणार?

६ मार्च

कव्हर झालं!

स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असं काम मी जन्मात केलं नाही. उत्तम प्रतीचं काळं रेक्झिन, दुहेरी शिलाई, कडांना आत नाडी, पोटाखालून बकलाचे पट्टे. काचेवर, इंजिनावर, पंखांवर, शेपटीवर सगळीकडे अंगाबरोबर बसतं. पाण्याचा थेंब आत जाणार नाही. गेटवाला बघायला आला आणि म्हणाला, "विमानाला कोट शिवला की हो!" मेव्हणा दौऱ्यावर आहे, नाहीतर त्यालाही दाखवलं असतं.

कव्हर चढवायला दोन माणसांना अख्खी सकाळ लागते. काढायलाही तेवढीच. त्यामुळे दर शनिवारी काढणं काही परवडणारं नाही. मी कार्टीला म्हटलं, "आता तपासणीपर्यंत असंच राहू दे. सुरक्षित आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाबा, महिना झाला मी उडाले नाही."

म्हटलं, "अगं, विमान टिकलं तर जन्मभर उडशील."

रात्री ही म्हणाली, "अहो, दर शनिवारी तुमचं काहीतरी निघतंच कसं?" मला प्रश्नच कळला नाही. काम असतं म्हणून निघतं. झोप मात्र हल्ली झकास लागते.

२९ मार्च

आज अक्षर लागलं नाही तर नाही.

मेव्हणा परत आला. त्याने आणि कार्टीने आज कव्हर काढलं. मी कौतुकाने उभा. कव्हर निघालं आणि आतून ओल्या गोणपाटासारखा वास आला. पत्र्यावर पांढरी बुरशीसारखी पूड. आणि पुढची काच... काच कुठली, मोतीबिंदू झालेला डोळा! पूर्ण धुरकट. वर जिथे रेक्झिनची खरखरीत पाठ वाऱ्याने घासली होती तिथे ओरखड्यांचं जाळं. आतून बाहेरचा माणूस दिसेना.

 मी म्हटलं, "काचेला असं कसं होईल? मोटारीच्या काचेला तर कधी..."

"ही काच नाहीये भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "प्लास्टिक आहे. आणि तुमचं रेक्झिन श्वास घेत नाही. दिवसा ऊन लागलं की आतली ओल वाफ होते, रात्री पाणी. महिनाभर शिजवलंत तुम्ही ते."

बाहेरचं पाणी आत जाऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं. आतलं पाणी बाहेर कसं जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मोटारीच्या सीटला कोण विचारतं, तू श्वास घेतेस का म्हणून?

कार्टी चाकावर बसली. मला ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. थोड्या वेळाने उठली आणि म्हणाली, "घासून निघेल. बारीक पेस्टने. पत्राही साफ होईल. महिना आहे." आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, रडू नका, माणसं बघतायत."

मी रडत नव्हतो. डोळ्यांत ती पूड गेली होती.

१२ एप्रिल

रोज दुकान बंद करून मैदानावर. ती काच घासते, मी पत्रा पुसतो. बारीक पेस्ट, मग त्याहून बारीक, मग मऊ कापड. काच हळूहळू उजळतेय. आज मला तिच्यातून कार्टीचे दात दिसले, हसत होती.

ह्या सगळ्यात उड्डाण अर्थातच नाही. हिला म्हटलं, एका अर्थी बरंच झालं, निदान विमान एका जागी आहे. ही हातातलं काम टाकून माझ्यापुढे उभी राहिली.

"तुम्हाला आनंद होतोय!"

"मला?"

"पोरीचं काम हातचं जायची वेळ आलीय आणि तुम्ही गालातल्या गालात हसताय. पोरगी घरात आहे म्हणून."

मी थक्क झालो. इतकी वर्षं संसार करून माणूस असं बोलतं? मी त्या विमानासाठी रक्त आटवतोय. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. डॉक्टरीणबाईंचा सल्ला आठवला म्हणून काही न बोलता हे लिहायला बसलो. नाहीतर आज घरात महाभारत होतं.

१९ एप्रिल

दुसरं कव्हर शिवलं. ह्या वेळी कार्टीला विचारून, प्रत्येक गोष्ट विचारून. बाहेरून हलकं, हवा जाणारं कापड, आतून मऊ फलालीन. काढायला पाच मिनिटं. ती दुकानात माझ्याशेजारी बसून नाड्या ओवत होती. लहानपणी बसायची तशीच, मशीनच्या खाली पाय घालून.

नाडी ओवताना तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती वाटते का हो?"

म्हटलं, "कसली?"

"मी वर जाते त्याची."

"छे! मला विमानाची काळजी वाटते. उघड्यावर आहे ते."

ती "हं" म्हणाली. मशीन चालू केलं म्हणून पुढे काही म्हणाली असेल तर ऐकू आलं नाही.

काच स्वच्छ झाली. तपासणीला अकरा दिवस आहेत. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

२२ एप्रिल

उतरलेलं ओझं देवाने व्याजासकट परत पाठवलं.

हवामान खात्याचा इशारा आहे. उद्या दुपारनंतर गारपीट, साधी नव्हे, लिंबाएवढ्या गारांची. मैदानावर नुसता हलकल्लोळ. उघड्यावरच्या विमानांचे मालक शेडवाल्यांच्या हातापाया पडत होते. एकाही शेडमध्ये जागा नाही. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यावर लिंबाएवढ्या गारा! चाळणी होईल नुसती.

मी टेम्पो केला. दुकानातला होता नव्हता तेवढा फोम, जुन्या सीट, गाद्या, सगळं नेलं. पंखांवर फोम, त्यावर गाद्या, त्यावर कव्हर, त्यावर दोर. घामाने निथळत होतो. कार्टी आणि तिचा मामा बाजूला उभे राहून मोबाइलमध्ये ढगांचे नकाशे बघत होते. मला राग आला. म्हटलं, "हातभार लावाल की नुसती शोभा बघाल?"

कार्टी आली. म्हणाली, "बाबा, फोम टिकणार नाही. लिंबाएवढी गार तो फाडून जाते. विमान इथून हलवायला हवं. डोंगरापलीकडे किनाऱ्यावरचं मैदान आहे ना, तिथे ढग येणार नाहीत."

खरंच सांगतो, मला आधी टेम्पोच डोळ्यांसमोर आला. म्हटलं, "एवढ्या लांब ह्याला न्यायचं कशातून?"

"उडवत."

माझं डोकंच फिरलं. वादळ येतंय म्हणून माणसं घरात शिरतात, आणि ही वर जाणार! मी म्हटलं, "अक्कल गहाण ठेवलीस?" ती म्हणाली, "वादळ उद्या येतंय. आत्ता आकाश निवळ आहे, पाऊण तासाचा रस्ता आहे. विमान वाचवायचा हा एकच मार्ग आहे, ज्यांना जमतंय ते हेच करतायत." मेव्हणाही मान हलवायला लागला. मी म्हटलं, "तू गप्प बस. तूच लावलंस हे वेड."

ती म्हणाली, "बाबा, साखळीची किल्ली द्या."

मी किल्ली खिशात टाकली. सगळ्यांदेखत. म्हटलं, "विमान गेलं तर जाऊ दे."

माझ्या तोंडून हे निघालं. तीन महिने ज्याच्यासाठी मेलो ते विमान गेलं तर जाऊ दे! ती माझ्याकडे बघत राहिली. तिला जे कळलं ते मला त्या वेळी कळलं नाही, आणि आत्ता हे वाक्य लिहून बघताना जरासं कळतंय. पण किल्ली मी देणार नाही. घरी येऊन मशीनच्या खणात ठेवली आहे. सकाळी उरलेला फोम घेऊन जातो.

२३ एप्रिल, मैदानाच्या ऑफिसात

डायरी पिशवीत होती म्हणून लिहितो. लिहिलं नाही तर मी किंचाळेन.

सकाळी फोम घेऊन आलो तर जागा मोकळी. गाद्या एकावर एक रचलेल्या. कव्हर नीट घडी करून ठेवलेलं. दोर गवतावर. साखळीला कुलूप उघडं लटकतंय. विमान नाही!

मी चोर चोर म्हणून ओरडत सुटलो. गेटवाला माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "अहो काका, तुमचीच मुलगी घेऊन गेली. वीस मिनिटं झाली." म्हटलं, कशी नेईल, किल्ली माझ्याकडे आहे! हिला फोन केला. म्हटलं, "मशीनच्या खणात बघ, किल्ली आहे का."

ही म्हणाली, "नाही. पहाटे मी तिला दिली."

"तू?"

"हो, मी. तिने मागितली नाही. मीच उठवून दिली."

माझी बायको. झुरळाला घाबरते ती. माझ्या हातातून फोनच गळून पडला. उचलून कानाला लावला तर हिचा नुसता श्वास ऐकू येत होता. ती पण घाबरली होती. मग लाइनच गेली. टॉवर बंद पडला म्हणतात.

आणि आकाश काळं झालं. सकाळचे नऊ वाजलेत. दुपारी येणार होतं ते आत्ताच आलंय. डोंगराच्या बाजूने. ती गेली त्याच बाजूने.

मेव्हणा माझ्याशेजारी बाकावर बसलाय. मी त्याला म्हटलं, "आकाश निवळ असताना न्यायचं म्हणाला होतात ना तुम्ही दोघं?"

तो एका डोळ्याने माझ्याकडे बघून म्हणाला, "काल संध्याकाळी निवळ होतं, भाऊजी. काल गेली असती तर रात्री घरी जेवायला असती. किल्ली नव्हती."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. त्याचा आवाज रडवेला होता.  मी तिला वादळापासून लपवत होतो आणि मीच तिला वादळाच्या तोंडी नेऊन सोडलं. बोट शिरणार नाही असं बांधलं आणि

गारा सुरू झाल्या.

२३ एप्रिल, पुन्हा

आम्ही टेबलाखाली होतो. मेव्हणा, मी आणि गेटवाला, तिघे म्हातारे. पत्र्याच्या छपरावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. खिडकीची काच फुटली. एक गार आत घरंगळत आली. मी उचलली, तळहातावर मावेना. शिवणाऱ्या माणसाला मापाची सवय असते. तेवढ्यातही मी मनात म्हटलं, मोसंबं.

थांबल्यावर बाहेर गेलो. गाद्या फाटून फोम मैदानभर उडालेला. बाकीची विमानं... मला बघवलं नाही. पंखांना आरपार भोकं. एकाची शेपटी लोंबत होती. त्याचा मालक शेजारी उकिडवा बसला होता, डोकं हातात धरून. सगळ्यांनी बांधलं होतं, सगळ्यांनी झाकलं होतं. आमची जागा मोकळी होती. तिथे गारांचा थर पडला होता आणि मी त्या मोकळ्या जागेकडे बघत उभा होतो. ती जागा मोकळी आहे म्हणून आनंद मानावा की ऊर बडवावा, मला कळेना.

फोन लागत नव्हते. मेव्हणा रेडिओला चिकटून बसला. नुसती खरखर. दहा वाजले, साडेदहा, अकरा. मी त्याला किती वेळा विचारलं, "ती नळीची टोपी काढून गेली असेल ना?" तो दर वेळी म्हणाला, "काढली असेल." शेवटी मीच गवतात शोधली. सापडली. कव्हराच्या घडीत नीट ठेवलेली होती. मग मी तिथेच ओल्या गवतात बसलो आणि मोठ्याने रडलो. पूड-बीड काही गेली नव्हती.

सव्वाअकराला रेडिओवर माणसाचा आवाज आला. किनाऱ्यावरचं मैदान. मेव्हण्याने दोनदा नाव-नंबर विचारला, मग रिसिव्हर खाली ठेवला आणि माझ्या गळ्यात पडला. ती गारा सुरू व्हायच्या आधीच उतरली होती. डोंगर ओलांडताना ढग मागे दिसले तेव्हा तिने वेग वाढवला. विमानाला ओरखडा नाही.

३० एप्रिल

तपासनीस इथे येऊन काय बघणार? इथे आता भंगार आहे. तो किनाऱ्यावरच गेला. दुपारी कार्टीचा फोन आला. पास! काच बघून त्याने विचारलं म्हणे, नवीन बसवली का?

मी ओरडूनच हिला सांगितलं. हिने डोळे पुसले. मग कार्टी म्हणाली, "बाबा, आणखी एक आहे. बेटांचं काम इथूनच, किनाऱ्यावरून चालणार. इथल्या शेडमध्ये आपल्या विमानाला जागा मिळालीय, कायमची. पक्कं छप्पर आहे. माझ्यासाठी खोलीही बघितलीय, मैदानाला लागून."

मी मशीनला धरून खाली बसलो.

"बाबा? आता कव्हर लागणार नाही. तुम्हाला हेच हवं होतं ना? विमान छपराखाली आलं."

मला हेच हवं होतं. फेब्रुवारीपासून मी हेच म्हणत होतो. ऊन नाही, पाऊस नाही, माशी नाही. मग मी मशीनला धरून खाली का बसलो? ही समोर उभी होती.  हिने मान हलवली, बोला म्हणून.

मी फोनमध्ये म्हटलं, "मला विमानाचं काही पडलेलं नाही ग."

"मला माहीत आहे."

"मला भीती वाटते. तू वर गेलीस की मला श्वास घेता येत नाही. वर्षभर मी मैदानावर आलो नाही तो त्यामुळे. दुकान-बिकान काही नाही." आणि एवढं बोलल्यावर जे कधी विचारायचं सुचलं नव्हतं ते विचारलं. "तुला वाटत नाही का?"

ती हसेल असं मला वाटलं. बिस्किटाच्या डब्यात बसून ढगात जाणारी पोरगी, तिला कसली भीती! तिच्या वाटची सगळी मलाच वाटते असं मी धरून चाललो होतो.

ती म्हणाली, "वाटते की. दर वेळी. इंजिन पूर्ण जोरात गेलं आणि ते थरथरायला लागलं की हातपाय गार पडतात माझे."

मला धक्काच बसला. दर वेळी! प्रत्येक शनिवारी, आणि त्या दिवशी सकाळीही.

"मग काय करतेस?"

"काय करणार बाबा? तोवर चाकं जमिनीवरून उचललेली असतात."

 मी फोन हिच्या हातात दिला.